मळवली ते लोहगड : एका दिवसाची पायवाट

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नद्यांच्या खोऱ्यांना मावळ म्हणतात. त्यांपैकी इंद्रायणी आणि पवना यांची खोरी विभागणाऱ्या डोंगररांगेत भाजे लेणी, विसापूर आणि लोहगड ही स्थळे जवळजवळ असून, पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरून लेणी आणि लोहगड एका दिवसात पायी पाहता येतात.

द्रुतगती मार्गावरील पूल ओलांडून भाजे गावात आले आणि पायऱ्या चढल्या, की इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरण्यास आरंभ झालेली २२ लेणी लागतात. त्यांतील चैत्यगृहाचे, म्हणजे स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनागृहाचे, अष्टकोनी खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत भार पेलण्यासाठी खांब तिरके रोवत आणि कारागिरांनी, गरज उरली नसतानाही, तीच रीत दगडात पाळली. छताच्या लाकडी कमानी तर आजही जागेवर आहेत. कोकणातील बंदरांचा माल बोरघाटाने देशावर येई, तो मार्ग येथून जवळच होता. समोरच्या डोंगरातील कार्ले लेण्यांच्या शिलालेखांत व्यापाऱ्यांच्या दानांचे उल्लेख आहेत ते त्यामुळेच.

भाज्याहून चढणारी वाट गायमुख खिंडीत, म्हणजे दोन डोंगरांमधील सखल जागी, पोहोचते. तेथून उजवीकडे लोहगडवाडी आणि पुढे गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा अशी एकामागून एक दारे असलेली लोहगडाची नागमोडी चढण आहे. गडाची लांब, चिंचोळी माची नांगीसारखी दिसते, म्हणून तिला विंचूकाटा म्हणतात. पुरंदरच्या तहात १६६५ साली मोगलांना द्यावा लागलेला हा गड १६७० मध्ये स्वराज्यात परत आला, आणि २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत त्याचा समावेश आहे.

एवढ्या बळकट गडाचे वर्म मात्र खिंडीत उभे राहिल्यावरच कळते : डावीकडचा विसापूर त्याच्याहून सुमारे ५० मीटर उंच आहे. १८१८ साली इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि त्यामुळे तोफांच्या टप्प्यात आलेला लोहगड मराठ्यांना सोडून द्यावा लागला. आता वाहने थेट लोहगडवाडीपर्यंत जातात. परंतु लेण्यांना व्यापारी मार्गाने आणि एका गडाला दुसऱ्याने कसे बांधले आहे, हे समजून घ्यायचे असेल, तर मळवलीपासून चालतच जावे.