धर्माच्या गाईचेही दात पाहा

शेतकरी बंधूंनो, 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये, असा तिचा अर्थ. घरापुरती ती बरोबर आहे. पण गावचे देवस्थान, शिक्षण संस्था, वाचनालय, गोशाळा यांच्या विश्वस्तांनी मात्र गाईचे दात पाहिलेच पाहिजेत. कारण ती गाय त्यांची नसते, गावाची असते.

माझे काम पिकाचे आणि मातीचे. पण बांधावर बसले की लोक मन मोकळे करतात. त्यातलीच ही एक हकिगत. एका वयस्कर शेतकऱ्याने कालव्याखालची वीस गुंठे जमीन गावच्या संस्थेला दिली. स्टँपवर लिहून दिले, नारळ फुटला, सत्कार झाला. दस्त नोंदवायचा तेवढा राहिला. सातबारा होता तसाच राहिला. पुढे बाबा वारले, वारसनोंद झाली, मुलांची नावे लागली. आता मुले म्हणतात जमीन आमची, विश्वस्त म्हणतात बाबांनी दिलेली. दोघेही खोटे बोलत नाहीत. पण कायदा कागद मागतो, आणि तो कागद नाही. बाबांची इच्छा तशीच राहिली आणि गावात दोन तट पडले.

देणाऱ्याइतकाच घेणारा जबाबदार

मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा 1882 सालचा आहे. त्यानुसार जमिनीचे बक्षीसपत्र नोंदणीकृत लागते, त्यावर देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात. शिवाय देणारा हयात असतानाच घेणाऱ्याने दान स्वीकारावे लागते. 'सावकाश बघू' म्हणणे इथे चालत नाही.

दस्ताआधी सातबारा आणि फेरफार वाचा. बोजा आहे का? सोसायटीचे कर्ज आहे का? जमीन वडिलोपार्जित आणि न वाटलेली असेल, तर एकट्याच्या सहीवर घेऊ नका. आपल्या बारामती-इंदापूर भागात उजनीच्या पुनर्वसनातल्या जमिनी आहेत. भोगवटादार वर्ग 2 असा शेरा असेल, तर परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. संस्था ही शेतकरी नव्हे, म्हणून शेतजमिनीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल का, तेही आधी विचारा. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठी भाऊसाहेब, यांच्याकडे एक चक्कर मारली तर पुढच्या कोर्टाच्या दहा चकरा वाचतात.

विनोबांना 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे 100 एकरांचे पहिले भूदान मिळाले. पुढे देशभर लाखो एकर मिळाले. देणाऱ्यांची भावना मोठीच होती. पण त्यातली बरीच जमीन खडकाळ किंवा वादातली निघाली आणि भूमिहीनांपर्यंत पोचलीच नाही. एवढ्या थोर कामात हे घडते, तर आपल्या गावच्या ट्रस्टने किती जपावे!

अट पाहून हो म्हणा

दानाबरोबर कधी कधी अट येते. कुणाला कमानीवर नाव हवे असते, कुणाला मुलासाठी नोकरी, कुणाला विश्वस्तपद. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. कॉलेजला माझे नाव द्या, मोठी रक्कम देतो, असे एका धनिकाने म्हटले आणि कर्मवीरांनी साफ नकार दिला, अशी आठवण सांगितली जाते. याच कर्मवीरांनी वसतिगृहातल्या पोरांसाठी मुष्टिफंड उभा केला आणि घरोघरचे मूठभर धान्य आनंदाने घेतले. दान किती आहे यापेक्षा ते कशासाठी आहे, हे त्यांनी पाहिले.

वस्तूच्या दानाचेही तसेच. गाय मिळाली, चारा कोण घालणार? पंप मिळाला, वीजबिल कोण भरणार? देवाला दागिना आला, तर वजन करून, पाच माणसांदेखत नोंद करून मगच पेटीत ठेवा.

बेण्याचा ऊस गाळायचा नाही

आता पैशाचे. तुकोबांची पालखी आपल्या दोन्ही तालुक्यांतून जाते, तेव्हा अन्नदानाला सढळ हाताने देणगी येते. ती अन्नदानालाच खर्चावी. सभामंडपाच्या पत्र्याला वळवू नये. कुणी कायम ठेव म्हणून दिली, तर मुद्दल म्हणजे बेण्याचा ऊस समजा. व्याज वापरा, मुद्दलाला हात लावू नका.

ठेवायचे कुठे? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950 याच्या कलम 35 मध्ये जागा सांगितल्या आहेत: शेड्यूल्ड बँक, टपाल बचत बँक, सरकारने त्यासाठी मान्य केलेली सहकारी बँक, सरकारी रोखे. 'ओळखीची आहे, दोन टक्के जादा देते' म्हणून पतसंस्थेत ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून 5 लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. गावचा पैसा विश्वस्ताने हातउसना वापरणे तर नकोच नको.

दानाची जमीन एकदा ट्रस्टची झाली की धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि शेतजमीन 10 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देता येत नाही. नवी मालमत्ता आली की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो, हेही ध्यानात ठेवा.

एक पानी ठराव करा

येत्या सभेत एवढे पाच मुद्दे ठरावात घ्या. एक, कोणते दान घ्यायचे आणि कोणते नाही. दोन, कोणत्या अटी चालतील. तीन, जमिनीचे कागद कोण तपासणार. विश्वस्ताच्या नातेवाइकाचे दान असेल तर त्या विश्वस्ताने निर्णयात बसू नये. चार, कायम ठेव आणि चालू खर्चाचा पैसा वेगवेगळ्या खात्यांत, दोन सह्यांनी. पाच, दरवर्षी जमाखर्च गावासमोर वाचून दाखवायचा.

असा ठराव असला की नाही म्हणायलाही सोपे जाते. 'दादा, तुमच्यावर विश्वास नाही असे नाही, पण ठरावच तसा आहे,' एवढे म्हटले की माणूस दुखावत नाही.

आणि देणाऱ्यांनो, तुम्हीही घरी बोला. मुलांना, सुनांना, लेकींना समोर बसवून सांगा, शक्य असेल तर त्यांची संमतीही लिहून घ्या. आपल्या माघारी भांडण उभे राहावे म्हणून कुणी दान करत नाही. पेरणीआधी आपण बियाण्याची उगवण तपासतो. दान घेण्याआधी कागद तपासणे त्याहून वेगळे नाही.