गिऱ्हाईक म्हणतं "तो शॉट काढा", पण नेमका कुठला?

व्हिडिओ एडिटिंगचा धंदा सुरू करताय ना? मग पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी सोर्स टाइमकोड समजून घ्या.

समजा, कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपची फिल्म करताय. मालक पहिला कट बघून फोन करतात, "२ मिनिटं १० सेकंदाला टेबलावर आमच्या पार्टीचं ड्रॉइंग दिसतंय, तेवढं काढा." तोवर तुम्ही सुरुवातीचे १५ सेकंद कापलेत. आता २:१० ला भलताच शॉट! तो काढला आणि ड्रॉइंग तसंच यूट्यूबवर गेलं, तर मालकांची पार्टी तुटेल आणि तुमचं पेमेंट अडकेल.

टाइमलाइनवरची वेळ प्रत्येक कटला सरकते. सोर्स टाइमकोड मात्र कॅमेऱ्याने शूटिंगवेळीच फाइलमध्ये लिहिलेला असतो, तुम्ही कितीही कापा. १४:३२:०७:१८ म्हणजे १४ तास, ३२ मिनिटं, ७ सेकंद, फ्रेम नंबर १८. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर फ्रेमचे आकडे ०० ते २४ चालतात.

कॅमेऱ्यात घड्याळ लावून टाइमकोड 'फ्री रन'वर ठेवा, म्हणजे आकडा बघून शूटची खरी वेळच कळते. थर्ड शिफ्टचं शूट असेल तर रात्री १२ ला आकडा परत शून्यावर येतो, म्हणून तारखेप्रमाणे फोल्डर वेगळे करा. बऱ्याच मोबाइलच्या फाइलमध्ये टाइमकोडच नसतो. तिथे सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिप शून्यापासून मोजतं, म्हणून क्लिपचं नावही लागतंच.

दाविंची रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनमध्ये हे होतं. वर्कस्पेस मेनूत 'डेटा बर्न-इन' उघडा, 'सोर्स टाइमकोड' आणि 'सोर्स क्लिप नेम' दोन्हींवर टिक करा. चित्रावरच आकडे येतात. ही कॉपी व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून आकडे पुसट होतात. मालकांना सांगा, "साहेब, जिथं अडचण आहे तिथं थांबवून स्क्रीनशॉट टाका." यात त्यांना काही शिकावं लागत नाही, हे मला सगळ्यात आवडतं.

स्क्रीनशॉट आला की तेवढा शॉट काढून मोकळे होऊ नका. त्याच क्लिपचा तुकडा सुरुवातीच्या झलकेत किंवा इन्स्टाच्या रीलमध्येही वापरलेला असतो. तिथेही नाव आणि आकडा जुळवून बघा.

कोटेशनमध्येच लिहा : दुरुस्त्या स्क्रीनशॉटसह, दोन फेऱ्या धरलेल्या, तिसरीपासून वेगळा चार्ज. आणि फायनल रेंडरला बर्न-इन बंद करा.