घर आपले, भुई परक्याची!

बिऱ्हाडकरू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतात चाळीतल्या दोन खोल्या, सामाईक गॅलरी आणि भाडेवसुलीला येणारे मेहताजी. पण घर स्वतःचे आणि तरीही माणूस भाडेकरूच, असा प्रकार आपण पाहिला आहे काय? ऑस्ट्रेलियात तो सर्रास आढळतो.

तिथे कॅरॅव्हॅन पार्क नावाच्या वसाहती असतात. मूळच्या या जागा सहलीला येणाऱ्यांसाठी. चाकांवरची घरे घेऊन यावे, चार दिवस समुद्राची हवा खावी आणि निघावे. पुढे काही मंडळी तिथेच राहू लागली. त्यांत पुष्कळसे पेन्शनर. शहरातले मोठे घर विकायचे, पार्कमध्ये लहानसे घर घ्यायचे आणि उरलेल्या पुंजीवर म्हातारपण काढायचे, असा त्यांचा हिशेब. घर त्यांचे, पण खालची भुई पार्कमालकाची. तिचे भाडे द्यायचे.

वर्षे सरतात, घराला पडवी येते, दाराशी गुलाब फुलतात. मग घर 'हलते' हे नावापुरतेच उरते. ते उचलून न्यायला खर्च प्रचंड, आणि न्यायचे तरी कुठे? अशात जागा सोडण्याची नोटीस आली, तर जमिनीबरोबर घरही गेल्यासारखेच!

पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याने या रहिवाशांसाठी 2006 साली स्वतंत्र कायदा केला. तीन महिने वा अधिक मुदतीचा करार असलेले ते दीर्घकालीन भाडेकरू ठरले. परंतु कारण न देता करार संपवण्याची मुभा मालकाला राहिली. ज्याचे स्वतःचे घर उभे आहे, त्याला 180 दिवसांची नोटीस पुरे होती.

पुढे कायद्याचा फेरविचार सुरू झाला, तेव्हा सरकारने बंद दाराआड कलमे रचली नाहीत. प्रश्न आणि त्यांवरचे पर्याय छापून लोकांपुढे ठेवले आणि मते मागवली. रहिवाशांची मागणी होती स्थैर्याची. मालकांचेही म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते: रस्ते, पाणी, देखभाल आमच्याकडे, बंधने फार आवळलीत, तर पार्क मोडून बंगले बांधणेच परवडेल!

हा पेच आपल्याला नवा नाही. मुंबईच्या 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू वाचला; पण त्या भाड्यात डागडुजी परवडेना आणि इमारती खंगत गेल्या. एकाच पारड्यात माप टाकले की असे होते.

पश्चिम ऑस्ट्रेलियाची दुरुस्ती 2020 साली मंजूर झाली व 2022 मध्ये अमलात आली. स्वतःचे घर असलेल्या रहिवाशाला विनाकारण बाहेर काढण्याची मुभा गेली. करारापूर्वी सर्व आकार उघड सांगण्याचे बंधन अधिक कडक झाले. कायद्यात सांगितलेल्या कारणांसाठी मात्र करार आजही संपवता येतो.

म्हणजे काळजी पुरती मिटली असे नव्हे. पण एक गोष्ट घेण्याजोगी आहे. आपल्याकडेही कायद्यांचे मसुदे निघतात, 'हरकती व सूचना' मागवल्या जातात. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली ती बारीक अक्षरांतली जाहिरात आपण किती जण वाचतो? कायदा झाल्यावर कट्ट्यावर तावातावाने बोलण्यापेक्षा मुदतीत धाडलेले एक साधे पत्र अधिक मोलाचे. ज्याला उद्या घर सोडावे लागेल, त्याने आज तरी तोंड उघडायला हवे!