अँपिअरची भीती, व्होल्टची बेफिकिरी

मुंबईत खोताच्या वाडीतून लॅमिंग्टन रोडला चालत जाता येतं. तिथे रिमोटच्या गाड्यांना लागणाऱ्या मोटर, स्पीड कंट्रोलर (म्हणजे इएससी) आणि लायपो (म्हणजे लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या सुट्या मिळतात. सुट्या मिळतात म्हणूनच घोळ होतो. तिन्ही वस्तू चांगल्या असतात, पण एकमेकींना चालणाऱ्या नसतात.

सगळ्यात पक्का गैरसमज अँपिअरचा. ‘६० च्या जागी १२० अँपिअरचा इएससी लावला तर मोटर जळेल.’ नाही जळत. तो आकडा इएससीला किती करंट झेपतो ते सांगतो. मोटर आपल्या बोजाप्रमाणे लागेल तेवढाच ओढते. १२० चा लावला तर फार तर वजन आणि खर्च वाढेल. उलट ९० अँपिअर ओढणाऱ्या मोटरला ६० चा लावला, तर आधी इएससी जातो. बॅटरीचंही तसंच आहे. ३००० ऐवजी ५००० एमएएच लावली म्हणून करंट जास्त घुसत नाही, गाडी जास्त वेळ पळते इतकंच.

गंमत अशी की अँपिअरला घाबरणारी हीच मंडळी व्होल्टच्या बाबतीत बिनधास्त असतात. ‘एकच सेल तर वाढवला!’ पण २एस, म्हणजे दोन सेलचा पॅक ७.४ व्होल्टचा आणि ३एस ११.१ चा. पूर्ण चार्ज केल्यावर ते अनुक्रमे ८.४ आणि १२.६ वर जातात. इएससीवर फक्त २एस लिहिलं असेल तर विषय तिथेच संपला. दुकानदार ‘सब चलता है’ म्हणाला तरीही.

केव्हीचा आकडा मोठा म्हणजे मोटर ताकदवान, हेही खरं नाही. बोजा नसताना एका व्होल्टमागे मोटर मिनिटाला किती फेरे घेते, एवढंच केव्ही सांगतं. केव्ही वाढलं की प्रत्येक अँपिअरमागे मिळणारा जोर उलट कमी होतो. ३३०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर २४,४२० फेरे घेईल. गिअरचं प्रमाण १० ला १ आणि चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर धरला, तर हिशेबाने ताशी ३० किलोमीटर होतात, म्हणजे सेकंदाला आठ मीटर. वाडीच्या बोळात तेवढ्यात समोर वळण येतं, नाहीतर कुणाची तरी पायरी. त्याच गाडीत ३एस लावला तर हिशेब ४५ वर जातो. गाडी तिथवर पोचो न पोचो, मोटर तापतेच. ३एसच लावायचा असेल तर कमी केव्हीची मोटर घ्यावी किंवा लहान पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा गिअर) लावावा. पिनियन बदलणं सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात शेवटी आठवतं तेही तेच.

बॅटरीच्या लेबलवरच्या ‘सी’वरही, म्हणजे ती क्षमतेच्या किती पट करंट देऊ शकते त्या आकड्यावरही, फार भिस्त ठेवू नये. ५००० एमएएच आणि ५०सी म्हणजे कागदावर २५० अँपिअर. कंपन्या हा आकडा सढळ हाताने छापतात. खरं काय ते प्लग सांगतो. पांढरा टामिया प्लग पिवळा पडून मऊ व्हायला लागला, तर गाडी त्याच्या कुवतीबाहेरचा करंट ओढतेय. अशा वेळी एक्सटी६० लावावा.

ब्रशच्या मोटरचा इएससी ब्रशलेसला चालत नाही. सेन्सर नसलेल्या ब्रशलेसच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या तर मोटर फक्त उलटी फिरते. बॅटरीच्या दोन वायरी उलट्या जोडल्या तर मात्र इएससी बहुतेक जातोच.

आणखी एक समजूत म्हणजे गाडी बंद पडेपर्यंत बॅटरी वापरावी. जुन्या निकेलच्या सेलबद्दल तसं सांगत. लायपो मात्र सेलमागे ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो. म्हणून त्याआधीच गाडी थांबवणारं इएससीचं सेटिंग ‘लायपो’वर आहे ना, ते पॅक जोडण्याआधी बघावं.

चार्जिंगला वाडीत जास्त जपावं लागतं, कारण जुन्या घरांचे जिने आणि व्हरांडे लाकडी आहेत. ५००० चा पॅक ५ अँपिअरवर, बॅलन्स वायर जोडून, उघड्या लादीवर आणि माणूस समोर असतानाच चार्ज करावा. रात्री लावून झोपू नये. फुगलेला पॅक पुन्हा चार्जरला लावू नये, टोचूनही बघू नये. पुढच्या रविवारपर्यंत ठेवायचा असेल तर पूर्ण न भरता सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा. बऱ्याच चार्जरमध्ये त्यासाठी ‘स्टोरेज’ ही सोय असते.