वर फुटलेले खाली पडत नाही!

दिवाळीत सोडलेला बाण कितीही उंच गेला तरी त्याची काडी शेवटी कोणाच्या तरी गच्चीवर येऊन पडतेच. वर गेलेले खाली यायचेच, हा न्याय आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो. विमानांचे युद्धशास्त्रही याच न्यायावर उभे राहिले. १९११ साली लिबियात एका इटालियन वैमानिकाने तुर्की छावणीवर हाताने लहानसे बाँब टाकले, तेव्हापासून आजतागायत हवाई युद्धाचा हिशेब सरळ आहे. शत्रूचे विमान पाडले की ते जमिनीवर कोसळते, आकाश मोकळे होते आणि जिंकणाऱ्याची विमाने तेथून खुशाल संचार करतात.

परंतु युद्धाचे क्षेत्र आता हवेच्याही वर, अवकाशात सरकले आहे, आणि तेथे हा न्याय चालत नाही. तो का चालत नाही हे समजून घेण्याजोगे आहे. कारण उद्याच्या युद्धाचा खरा पेच त्यातच आहे.

सैन्याचे डोळे आणि कान

आजचे लढाऊ विमान एकटे लढत नाही. शत्रूच्या तळाची छायाचित्रे उपग्रह घेतात, क्षेपणास्त्राला वाट उपग्रह दाखवतात आणि शेकडो मैल दूर गेलेल्या वैमानिकाचा निरोपही तेच पोचवतात. डिसेंबर २०१८ मध्ये भारताने सोडलेला जीसॅट-७ए हा दळणवळणाचा उपग्रह मुख्यतः आपल्या विमानदलासाठीच आहे. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, अमेरिकेने स्वतंत्र अवकाशदल उभारले आणि भारतानेही संरक्षण खात्यात अवकाशासाठी वेगळी संस्था स्थापन केली.

सैन्याचे डोळे आणि कान असे उंच टांगलेले असले, म्हणजे ते फोडून टाकावेत असा मोह शत्रूला होणारच!

सतत पडणारा, तरी न पडणारा

उपग्रह वर राहतो तरी कसा? धोंडा जोराने भिरकावला की तो लांब जाऊन पडतो. आणखी जोराने भिरकावला की आणखी लांब. समजा, हवेचा अडथळा नाही आणि वेग ताशी सुमारे २८,००० किलोमीटर आहे. मग तो धोंडा जितका खाली येईल, तितकीच गोल पृथ्वीही त्याच्याखालून वळत जाईल. तो पडतच राहील, पण जमिनीला कधी टेकणार नाही. उपग्रह म्हणजे असाच एक धोंडा.

आता तो फोडला तर काय होईल? त्याचे तुकडे होतील, पण बहुतेक तुकड्यांचा वेग जवळजवळ पूर्वीइतकाच राहील. एका उपग्रहाऐवजी हजारो लहानमोठे धोंडे पृथ्वीभोवती फिरू लागतील. समोरून येणाऱ्या दुसऱ्या उपग्रहावर असा तुकडा आदळला, तर त्या टकरीचा वेग बंदुकीच्या गोळीच्या दसपट असू शकतो. सुपारीएवढा तुकडाही उपग्रह निकामी करायला पुरेसा होतो. तीनशे किलोमीटरवर विरळ हवा असते. तिच्याशी घासून तुकडे काही आठवड्यांत वा महिन्यांत जळून जातात. पण आठशे किलोमीटरच्या वर ते कित्येक दशके, काही तर शतकानुशतके राहतात.

चार देशांचे प्रयोग

उपग्रह फोडण्याची शक्ती चार देशांनी प्रत्यक्ष दाखवली आहे आणि चौघांनीही आपलेच उपग्रह फोडले आहेत. अमेरिकेने १९८५ मध्ये लढाऊ विमानातून क्षेपणास्त्र सोडून एक उपग्रह उडवला. चीनने ११ जानेवारी २००७ रोजी आपला जुना हवामान-उपग्रह सुमारे ८६० किलोमीटर उंचीवर फोडला. त्याचे तीन हजारांहून अधिक तुकडे मोजले गेले आणि त्यांतले पुष्कळसे आजही फिरत आहेत. भारताने २७ मार्च २०१९ रोजी प्रयोग केला, तो मुद्दाम तीनशे किलोमीटरच्या आसपास. तरीही काही तुकडे वर भिरकावले गेले आणि त्यांना खाली यायला अपेक्षेहून बराच अधिक काळ लागला.

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने आपला जुना उपग्रह फोडला, तेव्हाची गोष्ट मोठी बोलकी आहे. दीड हजारांवर तुकडे उधळले आणि आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकातील सात जणांना जीव मुठीत धरून परतीच्या यानांत आसरा घ्यावा लागला. त्या सातांत दोघे खुद्द रशियाचेच होते!

न फोडता आंधळे करणे

म्हणूनच युद्धतज्ज्ञांचा ओढा आता निःशब्द शस्त्रांकडे आहे. उपग्रहाचे संदेश गोंगाटात बुडवायचे, त्याला खोटे संदेश पाठवायचे किंवा जमिनीवरील यंत्रणेत शिरकाव करायचा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या, त्याच्या थोडेच आधी उपग्रहाद्वारे इंटरनेट पुरवणारी एक यंत्रणा अशीच बंद पाडण्यात आली. वर एक खिळाही निखळला नाही. पण युक्रेनमधली हजारो यंत्रे मुकी झाली. दूर जर्मनीत हजारो पवनचक्क्या फिरत होत्या, मात्र त्यांच्यावर दुरून देखरेख ठेवता येईना. घाव एकावर आणि कळ दुसऱ्याला, असा हा प्रकार.

आपली माणसे वर आहेत

१९६७ च्या अवकाश-कराराने पृथ्वीभोवती अण्वस्त्रे ठेवण्यास बंदी घातली, पण जमिनीवरून उपग्रह फोडण्याला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत असे विध्वंसक प्रयोग थांबवण्याचा ठराव १५५ मतांनी संमत झाला. भारत तटस्थ राहिला. शेजारी चीनसारखा बलिष्ठ देश असताना आपले अस्त्र आपणहून म्यान करणे सोपे नाही, हे कोणीही मान्य करील.

तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९८४ मध्ये अवकाशात गेलेले राकेश शर्मा आणि २०२५ मध्ये अवकाशस्थानकात राहून आलेले शुभांशु शुक्ला हे दोघेही आपल्या विमानदलाचेच वैमानिक. २०३५ पर्यंत भारताला स्वतःचे स्थानक उभारायचे आहे. उद्या तेथे राहणाऱ्या तरुणांच्या अंगावर येणाऱ्या तुकड्यावर कोणत्याही देशाचा शिक्का नसेल. तो शत्रूने उधळलेला असो की आपण, त्याचा घाव सारखाच बसेल. शक्ती अंगी असावी, हे खरेच. पण ती न वापरण्याचा करार सर्वांकडून करवून घेण्यात आपण पुढाकार घेतला, तर त्यात दुबळेपणा नाही. वर राहणाऱ्या आपल्याच मुलांची ती काळजी ठरेल.