सही करण्याआधी विचारा



आमच्या बचत गटातल्या एका ताईंना स्तनाचा कॅन्सर झाला. शहरातल्या दवाखान्यात त्यांना विचारलं, "नव्या औषधाच्या अभ्यासात भाग घेता का?" आणि हातात बरीच पानं दिली. ताई घरी येऊन मला म्हणाल्या, "अगं, माझ्यावर प्रयोग करणार का हे?"

ही भीती आपल्यापैकी कुणालाही वाटेल. म्हणून आज त्याबद्दल बोलू.

नवं औषध आधी थोड्या पेशंटना देऊन किती मात्रा झेपते ते पाहतात. मग गुण येतो का ते पाहतात. शेवटी जास्त लोकांमध्ये जुन्या उपचाराशी तुलना करतात. पेशंट तयार झाले नाहीत तर नवं औषध येणारच नाही. पण तयार होणं म्हणजे मुकाट्याने सही करणं नव्हे.

आपल्या देशात यासाठी २०१९ चे नियम आहेत. अभ्यासाची माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. सही केलेल्या कागदाची प्रत मागून घ्या. नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार थांबत नाहीत. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईचीही तरतूद आहे. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या नीतिमत्ता समितीत किमान सात जण असतात. त्यात एक बाई आणि एक सामान्य माणूस असावाच लागतो.

अमेरिकेतल्या बायका याच्याही पुढे गेल्या. १९९१ साली स्तनाच्या कॅन्सरसाठी लढणाऱ्या संघटना एकत्र आल्या. त्यांच्या रेट्यामुळे १९९२ मध्ये सरकारने संशोधनाला २१ कोटी डॉलर दिले. पुढे तो पैसा कोणत्या अभ्यासाला द्यायचा हे ठरवताना शास्त्रज्ञांच्या शेजारी हा आजार भोगलेल्या बायका बसू लागल्या. का? गाठ किती लहान झाली हे मशीन सांगतं. बोटांना मुंग्या येऊन भाकरी थापता येत नाही, हे त्या बाईलाच ठाऊक असतं.

ताईंनी मुलाला बरोबर नेलं. औषधाचा त्रास काय, फेऱ्या किती, खर्च कुणाचा, सगळं विचारलं आणि मगच सही केली. आता रोजचा त्रास त्या वहीत लिहितात आणि डॉक्टरांना दाखवतात.

गटात कर्जाचा ठराव वाचल्याशिवाय आपण सही करत नाही ना? मग हा तर जिवाचा कागद आहे!