स्लॅबच्या खाली कोण?

स्लॅब भरायच्या दिवशी साईटवरचं सगळ्यांत निकामी वाक्य म्हणजे ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा रे’. विरार पूर्वेला एका इमारतीचा स्लॅब भरताना मी दिवसभर उभा होतो. तिथल्या मुकादमाने हे वाक्य एकदाही उच्चारलं नाही. तो नावं घ्यायचा.

माणसं नाना मुलखांतली. सेंट्रिंगवाले उत्तर प्रदेशातले, सळई बांधणारे बंगालचे, बिगारी जव्हार-मोखाड्याकडचे, काही सकाळी नाक्यावरून उचललेले. साईटची भाषा अर्थातच हिंदी. वाटणी चहाच्या आधीच झाली. व्हायब्रेटर दोघांकडेच, आलटूनपालटून. तिसऱ्याने हात लावायचा नाही. नीडल कमी फिरली तर काँक्रीट पोकळ राहतं, एकाच जागी फार वेळ धरली तर खडी तळाला बसते. किती वेळ धरायची हे सांगून कळत नाही, हाताला ठाऊक असावं लागतं. कव्हर ब्लॉकवर एक फिटर. माणसं जाळीवरून चालतात, ठोकळा निसटतो आणि सळई थेट प्लायवर टेकते. वसईच्या खाऱ्या हवेत अशी सळई गंजते, फुगते आणि छताचे पोपडे काढते.

एका पोराकडे फक्त फोन होता. रेडीमिक्सची गाडी भरल्यापासून दोन तासांत रिकामी व्हावी असं भारतीय मानक सांगतं, आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गाची कोंडी कुणाला चुकलीय? कुठली गाडी कुठे अडकली ते पोरगा सांगायचा, आणि मुकादम त्याप्रमाणे भरायची बाजू बदलायचा. ओल्या कडेला नवा माल वेळेत मिळाला नाही तर तिथे कच्चा सांधा राहतो.

पण खरी गोष्ट खालची. पंप सुरू करण्याआधी मुकादमाने वरून हाक दिली, “नीचे कौन है?” उत्तर येईपर्यंत पंपवाल्याला थांबवून ठेवलं. खाली टेक्यांच्या गर्दीत एक वयस्क सुतार होता. हातोडी, पाचरी आणि दोन जादा टेके घेऊन. वर ओल्या मालाचा एकाच जागी ढीग पडला की टेका करकरतो. सुताराने ‘बंद’ म्हटलं की पंप बंद, असं ठरलेलं. दुपारी तो एकदा ओरडला. पंप थांबला. गाडी खोळंबली, इंजिनिअर घड्याळाकडे बघू लागले, पण हुज्जत कुणी घातली नाही. एका टेक्याखालची फळी खचली होती. पाचर ठोकून झाल्यावर ‘चालू’ही त्यानेच सांगितलं. माणसाला राबायला लावून निर्णय मात्र स्वतःच्या खिशात ठेवणारे सुपरवायझर याच पट्ट्यात ढिगाने सापडतात. त्याला काम सोपवणं म्हणत नाहीत.

एवढी चोख वाटणी बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी ढिली पडते. स्लॅब निदान सात दिवस ओला राहायला हवा, पण टोळ्या तोवर पुढच्या साईटवर गेलेल्या असतात. पाणी टँकरचं. ते मारायचं काम वॉचमनवर ढकललेलं. वेगळे पैसे नाहीत आणि टँकर मागवायची मुभाही नाही. मग तडे गेले की सिमेंटला शिव्या. या साईटवर वॉचमनच्या बायकोला त्याची वेगळी मजुरी ठरली होती आणि टँकरवाल्याचा नंबरही तिच्याकडेच होता.

वसई-विरारमध्ये घर बांधायला काढलं असेल तर ठेकेदाराला चौरस फुटाचा भाव विचारून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारा: स्लॅब भरताना खाली कोण थांबणार, आणि नंतर पाणी कोण मारणार? ‘आपली माणसं आहेत ना’ हे उत्तर चालवून घेऊ नका.